वरच्या थराचा नमुना

मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचा पसंतीक्रम भरायची मुदत संध्याकाळी पाचपर्यंत होती, आणि चार वाजून चाळीस मिनिटं झाली तरी आमच्या घरातलं भांडण मिटलं नव्हतं. यादीत पहिल्या नंबरवर टाकलेली शाखा मिळाली, तर ती घ्यावीच लागते. तिला तिथे सिव्हिल हवं होतं, मला कॉम्प्युटर.

मी हवेत बोलत नव्हतो. महिनाभर सोसायटीत हिंडून बावीस जणांना विचारलं होतं: शाखा कोणती, पहिला पगार किती, दहा वर्षांनी किती. त्याचा तक्ता करून भिंतीवर लावला होता. कॉम्प्युटरवाले सिव्हिलवाल्यांच्या दुपटीच्याही पुढे होते.

"अहो, लोक तुम्हाला बघून लिफ्ट सोडून जिन्याने जायला लागलेत," बायको म्हणाली. कोणी हसलं नाही.

लॅपटॉप मुलीसमोर होता, पण फॉर्म पक्का करायचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार होता. मोबाईल मी खिशात ठेवला होता. मुद्दाम.

"आधी कॉम्प्युटर वर घे. मग ओटीपी सांगतो."

तिने तक्त्याकडे पाहिलं. "बाबा, हे सगळे आपल्याच सोसायटीतले?"

"मग? ओळखीचे आहेत, खोटं सांगणार नाहीत."

"इथे फ्लॅट परवडला तेच इथे राहतात. कॉम्प्युटर करून ज्यांचं जमलं नाही, ते तुम्हाला आपल्या लिफ्टमध्ये भेटणार कसे? ते हिंजवडीत एका खोलीत चौघे राहत असतील. पोत्याचा वरवरचा नमुना घेतलात तुम्ही."

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. पोत्याच्या तोंडाशी चमचा घालून आणलेला नमुना मी कधी घेतला नाही. लांब नळी तळापर्यंत घालून आणा, म्हणून माणसं परत पाठवली. हे ती लहानपणापासून जेवताना ऐकत आली होती.

"म्हणजे सिव्हिलला पगार जास्त, असं म्हणणं आहे तुझं?"

"नाही. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. मला पाण्याच्या योजनांचं काम करायचंय, एवढंच माहितीये."

पाचला अकरा मिनिटं होती. मी भिंतीवरचा तक्ता पुन्हा वरपासून वाचला. तिच्या बोलण्याने माझी भीती जराही कमी झाली नव्हती, फक्त त्या भीतीला आता आकड्यांचा आधार उरला नव्हता.

खिशातला मोबाईल वाजला. ओटीपी आला होता. तिने मला न विचारताच फॉर्म पक्का करायचं बटण दाबलं होतं; पहिल्या नंबरवर सिव्हिल.

मी चष्मा लावला आणि ओटीपीचा एकेक आकडा तिला सावकाश वाचून दाखवला. शेवटचा तिने दोनदा विचारून घेतला.