सहावा चिंचोका

दुपारचे तीन. संध्याकाळी अहवाल द्यायचा आहे, तक्ते तयार आहेत. पाच मिनिटं डोळे मिटावेत म्हणून मी टेबलावर डोकं ठेवते. पंख्याचा आवाज लांब जातो. मग कोणीतरी चहात आलं किसतंय.

"साखर किती?" डोंगरदिवे मॅडम विचारतात.

मॅडमना जाऊन चौदा महिने झाले. मला ते ठाऊक आहे, पण सांगणं उद्धटपणाचं वाटतं.

"अर्धा चमचा."

"शलाका, तू अजून सगळं मोजूनच घेतेस."

शेगडी माझ्या कॉम्प्युटरशेजारी आहे आणि तिच्या पलीकडे पारधी वस्ती. तीन वर्षं आम्ही दोघी तिथल्या बायकांना विचारत होतो, मुलांना शाळेत चोर म्हणतात, ते किती लागतं? कागदावरचे एक ते पाच आकडे कुणाला पटेनात, म्हणून मॅडमनी चिंचोके आणले. समोर पाच ठेवायचे. जितकं लागतं, तितके बाईनं पुढे सरकवायचे.

मॅडम मातीत मांडी घालतात. पांढऱ्या साडीला माती लागत नाही.

"बायका दोनशे अकरा होत्या. तुझ्या तक्त्यात दोनशे दहा कशा?"

"एका नोंदीत सहा आकडा होता. मोजपट्टी पाचपर्यंतच आहे, मॅडम. लिहिण्यातली चूक धरून मी ती ओळ काढली."

"लिहिलं कुणी होतं?"

मी ती ओळ डोळ्यांसमोर आणायला बघते.

"मी लिहिलं होतं, बाई. तू तापानं घरी होतीस."

आता आम्ही शाळेच्या वर्गात आहोत. बाक लहान, मॅडमचे गुडघे अडकलेत आणि त्यांना त्याचंच हसू येतंय. खिडकीबाहेर, चिंचेखाली, लंकाबाई काळे बसली आहे. त्या आठवड्यात कुणाची तरी कंपासपेटी हरवली आणि तिच्या नातवाला दोन दिवस वर्गाबाहेर बसवलं. पेटी मास्तरांच्याच खणात सापडली.

"तिनं पाचही सरकवले," मॅडम सांगतात. "मग झाडाखालचा एक उचलून शेजारी ठेवला. मी म्हटलं, लंकाबाई, पाचच असतात. तर म्हणते, 'पाच तुझं हायेत, बाई. ह्यो माझा.'"

"पण तज्ज्ञ समिती विचारेल, मॅडम."

"विचारू दे की! अहवाल काय शोकेसमध्ये ठेवायला लिहितात?" त्या कप पुढे करतात. "पी. गार होतोय."

मी पिते. साखर चांगली दोन चमचे आहे. तरी मी कप संपवते.

पंखा जवळ येतो. तीन वाजून नऊ मिनिटं. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, आणि उघडते तर आत चिंचोका. चिंचोक्यांचा डबा टेबलावरच होता, झोपेत हात गेला असेल. तसंच झालं असणार.

मी काढलेली ओळ परत आणते. सगळे तक्ते पुन्हा करावे लागतात. पहिल्याच्या खाली लिहिते: एकूण २११. एका उत्तरात सहा, मोजपट्टी अपुरी पडली.

सहा वाजता अहवाल पाठवते. तळहातावरचा लांबट खळगा अजून भरलेला नाही.