मुलाच्या मशीनचा पत्ता

कशेळीच्या गोदामात आमचे दोन नवे कॉम्प्युटर नेटवर्कवर एकत्र चालेनात. प्रत्येक मशीनच्या नेटवर्क कार्डाला स्वतःचा वेगळा पत्ता, म्हणजे ओळख-नंबर असतो; या दोन्हींना कारखान्यातूनच एकच पत्ता आला होता. दुरुस्तीला आलेल्या म्हाताऱ्या चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनवर कार्डाची सेटिंग उघडली आणि माझ्या मशीनला बारा अक्षरांचा नवा पत्ता कुठेही न बघता टाइप करून दिला.

“चाचा, पाठ आहे तुम्हाला?”

“माझ्या पोराच्या मशीनचा हाय. पोरगा गेला, मशीन पण भंगारात गेली. आता हा नंबर दुसऱ्या कुणाकडं न्हाय. टक्कर होणार न्हाय.”

मग स्वतःच्या लॅपटॉपवरून त्यांनी त्या पत्त्याला संदेश पाठवला. माझ्या मशीनकडून लगेच उत्तर आलं. त्यांनी पुन्हा पाठवला, पुन्हा उत्तर आलं. काम कधीच झालं होतं. मी त्यांना थांबवलं नाही.