इंदूताई आणि क्लबातला पियानो

पियानोचा नवा तुकडा इंदूताई आधी टेबलावर वाजवत. बुलढाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत, मधल्या सुट्टीत त्यांची बोटं टेबलावर धावू लागली की मी माझा चहाचा कप उचलून हातात धरायची. त्या गणित शिकवत, मी शिवण. अमडापूरच्या शेतकरी घरातली ही मुलगी शिकायला चिखलीला मावशीकडे राहिली आणि तिथल्या मिशनच्या बंगल्यात एका गोऱ्या बाईंकडून पियानो शिकली. बुलढाण्यात पियानो एकच, साहेबलोक जाताना क्लबात सोडून गेलेला. शाळा सुटली की इंदूताई तिथे जात.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. क्लबाच्या कमिटीने पियानो भंगारात काढून तिथे कॅरम मांडायचं ठरवलं. इंदूताई थेट अध्यक्षांकडे, एका वयस्कर वकिलांकडे गेल्या. "एकडाव आयका, मंग विका." वकीलसाहेबांनी रविवारच्या बैठकीआधी थोडा वेळ दिला.

मग निवड सुरू झाली. मिशनच्या बाईंनी दिलेल्या पुस्तकात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात लिहिलेले, एकेका-दोन पानांचे तुकडे होते. पण उंदरांनी पियानोच्या काही पट्ट्या मुक्या करून टाकलेल्या. आवडलेल्या तुकड्यात नेमकी मुकी पट्टी निघे.

"सिनेमाचं गाणं वाजवा ना," मी म्हटलं.

"काऊन? मंग ते गाणं आयकतीन. पियानो कोन आयकंन?"

शेवटी तीन उरले. एक संथ, एक लहान मुलांसाठी लिहिलेला खेळकर, आणि एक असा की त्यातले सूर एकमेकांना टोचत. तो तिसरा नको, म्हणून मी हात जोडले. "लोकांना वाटेल, पियानोच बिघडलाय!"

"वाटू दे. मले तोच जास्त आवडते."

रविवारी मंडळी वर्तमानपत्रं उघडून बसली होती. पहिला तुकडा खोकल्यात गेला. दुसऱ्याला कुणाचा तरी पाय हलला. तिसऱ्याच्या मध्यावर, कालपर्यंत बोलणारी एक पट्टी मुकी झाली. इंदूताईंचे हात हवेत थांबले. "गेला!" मागून कुणीतरी हसलं.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तुकडा पहिल्यापासून सुरू केला, आणि ती पट्टी आली की तेवढा सूर स्वतःच्या जाड्याभरड्या आवाजात गायल्या. प्रत्येक वेळी. वर्तमानपत्रं हळूहळू खाली आली.

"पुन्हा वाजवा," वकीलसाहेब म्हणाले.

"पियानो राह्यला तं उद्या वाजवीन." त्यांनी झाकण लावलं.

कॅरम व्हरांड्यात गेला. त्या पियानोवर पुढे शाळेतल्या कितीतरी मुली शिकल्या. इंदूताई जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मला मात्र त्या दिवशीची क्लबाची पायरी आठवते. बाहेर आल्यावर त्यांना चप्पल पायात सरकवता येईना, इतके पाय कापत होते. मी खाली बसून चप्पल धरली.

"भीती नाही वाटली?"

"तव्हा नाही," त्या माझ्या खांद्यावर हात टेकत म्हणाल्या, "आता वाटून राह्यली."