दहा मिनिटं पुढे

नागपूरच्या जरीपटक्याहून, आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "बाबू, तुही आई भरदुपारी देवाजवळ सांजवात लावून राहिली. ये गा एकदा." मी म्हटलं, डोळ्यांनी कमी दिसतं तिला, चुकली असेल. काकू म्हणाल्या, "रोज थोडी कोणी चुकते?"

दुसऱ्या दिवशी नागपुरात उतरलो. मे महिना, कूलरसमोर बसूनही कानशिलं तापत होती. दुपारचे दोन वाजले होते. आई देवापुढे वात वळत होती, आणि समोरच्या खोलीतला बाबांचा संगणक एका बाईच्या सपाट आवाजात हिंदीत बोलला, "शाम के सात बजे हैं।" खिडकीतून डोळे दिपवणारं ऊन आत येत होतं. आईनं शांतपणे काडी ओढली.

हा बोलणारा संगणक म्हणजे बाबांची करामत. वीज केंद्रात जन्म काढलेला माणूस, निवृत्तीनंतर इंटरनेटवर पाहून पाहून प्रोग्राम लिहायला शिकला. आईला मोतीबिंदूमुळे भिंतीवरचं घड्याळ दिसेना, म्हणून त्यांनी संगणकाला दर तासाला वेळ सांगायला लावलं. सकाळी आईनं बटण दाबायचं, रात्री बंद करायचं. बाबांना जाऊन वर्ष उलटलं तरी तिनं तो नेम मोडला नव्हता.

"ऊन दिसत नाही का वं आई तुले?"

"दिसते ना. आंधळी थोडी झाली मी."

"मंग आत्ता दिवा काहून?"

"तुह्या बाबायनं घड्याळ पुढं केलं तं मी काय करू? वर्षश्राद्ध झालं तवापासून रोज थोडं थोडं पुढं करून राहिले. मले घाई करून राहिले ते."

हे तिनं इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला हसताही येईना. चांगल्या साड्या तिनं काकूंना देऊन टाकल्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती, ती फोन करून रद्द केली होती. "जायाचंच हाये तं डोळे कायले?" आई निघायच्या तयारीत होती. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी चिडतो.

चिडूनच संगणकासमोर बसलो. घड्याळ पाच तास पुढे. घरचं नेट बंद पडलं होतं, म्हणून मोबाइलचं जोडलं आणि चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली: संगणक सुरू झाला की नेटवरून आत्ताची तारीख-वेळ आण आणि घड्याळाला लाव. असली कामं मी झोपेतही करतो. घड्याळ सेकंदासकट जुळलं.

"घे, झालं बरोबर."

"उद्या पाय," आई म्हणाली.

सकाळी उठलो तर आईनं संगणक लावलेला होता आणि घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं.

दहा मिनिटं! आमच्या घरातली सगळी घड्याळं आयुष्यभर दहा मिनिटं पुढेच असायची. ड्यूटीची बस चुकू नये म्हणून बाबांना लागलेली ती सवय, निवृत्तीनंतरही गेली नाही. कुठं जायचं असलं की ते चपला घालून आधीच फाटकाशी उभे, आणि तिथून हाक, "चाला नं लवकर, मी उभा हावो!" आईला त्या हाकेचा भारी राग यायचा.

मला संशय आईचाच आला. म्हणून पुढच्या सकाळी ती न्हाणीत गेल्यावर बटण मीच दाबलं. माझी स्क्रिप्ट चालली, खरी वेळ आली, मी ती मोबाइलशी ताडून पाहिली. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत ती दहा मिनिटं पुढे सरकली. कीबोर्डवर कुणाचाही हात नव्हता. आत बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा आला. "बाबा?" असं तोंडातून निघूनच गेलं, खोटं कशाला सांगू.

मग जरा डोकं ठिकाणावर आलं. संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालतं ते शोधलं, तर बाबांची स्क्रिप्ट सापडली. जवळजवळ माझ्यासारखीच. नेटवरून वेळ आण, तिच्यात दहा मिनिटं मिळव, घड्याळाला लाव. नेट मिळालंच नाही तर काय करायचं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. वर्षभराचं रिचार्ज आधीच भरून ठेवणाऱ्या माणसाला ते सुचणार तरी कसं? ते रिचार्ज नेमकं वर्षश्राद्धाच्या सुमारास संपलं. खरी वेळ यायची थांबली, आणि स्क्रिप्ट रोज सकाळी आहे त्याच वेळेत आणखी दहा मिनिटं मिळवत गेली.

आई केस पुसत बाहेर आली तसा मी ओरडलोच. "सापडलं! कोणी घाई करून नाही राहिलं. प्रोग्राम हाये तो!"

"कोणं लिहिला?"

"बाबांनी."

"मंग? मी काय वेगळं सांगून राहिली होती?"

घ्या! मी म्हटलं, पुसून टाकतो, एक बटण दाबलं की विषय संपला. तिनं टॉवेल घट्ट धरला.

"अन् नाही पुसलं तं? अजून पुढं जातीन का ते?"

"नाही. नेट चालू राहिलं तर दहाच मिनिटं. रोज दहाच."

तिनं संगणकाकडे पाहिलं. तिला त्यातलं काहीही दिसत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

"दहा मिनिटं तं ते नेहमीच पुढं राहायचे," ती म्हणाली. "म्हणजे लय दूर नाही गेले. थांबतीन फाटकाशी. डोळे करून घेते मंग मी."

मी माझीच स्क्रिप्ट पुसली आणि वर्षाचं रिचार्ज भरलं. मला रडू आलं, ते तिला दिसलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी बुटांच्या नाड्या बांधत होतो. बाहेरून हाक आली, "चाल नं लवकर!" हाकेची चाल हुबेहूब बाबांची होती. धावत बाहेर आलो. आई चपला घालून फाटकाशी उभी होती, अगदी कडेला, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

"किती वेळ गा," ती म्हणाली. "आम्ही कवाचे उभे हावो."