देखावा

मुलींच्या निरीक्षणगृहात मी दर शनिवारी चित्रकला घेते. शार्पनरला पातं असतं म्हणून तो आत न्यायचा नाही. टोक मोडलं की पेन्सिल ऑफिसात पाठवायची आणि शिपाईमामा मोकळे होईपर्यंत बसून राहायचं. एक वेळ तेही चालेल.

पण गेल्या शनिवारी एका मुलीने कागदभर फक्त एक कडी काढली. गंजकी, दाराला बाहेरून घातलेली. तीन महिने तिने कागद कोराच परत दिला होता. नेमक्या तेव्हाच अधीक्षकबाई आल्या.

"हे काय गं? सोमवारी पाहुणे येणारेत. छानसा देखावा काढ."

"मॅडम, राहू द्या ना तिचं."

"अहो, बघणाऱ्याला बरं वाटायला नको?"

दोन त्रिकोणी डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी. हा देखावा आपण पोरांकडून इतका घोटून घेतलाय, की डोंगर न पाहिलेलं पोरही तो डोळे मिटून काढतं. आणि त्याला आपण चित्रकला म्हणतो.

मुलीने कागद उलटला आणि पाच मिनिटांत सगळं काढून दिलं.

"बघ, येतं की तुला," बाई म्हणाल्या.

आज देखावा भिंतीवर लागलाय. मागून कडी.