‘भट्टी’चं काळं पान

शिवशरण पट्टणशेट्टी यांनी बावीस वर्षं शाहूपुरीतल्या एका छापखान्यात शिशाचे खिळे जुळवले. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, कुस्त्यांच्या जाहिराती. वरच्या ओळीत देवाचं नाव नाही, असा एकही कागद त्यांच्या हातून यंत्रावर चढला नाही. छापखाना बंद पडला, तेव्हा वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते संगणक शिकले. छापखान्याच्या मालकाची मुलगी विद्याश्री हिनं राजारामपुरीत इंटरनेट सेंटर काढलं होतं. लहानपणापासून ती त्यांना अण्णा म्हणायची. तिनं त्यांना डिझायनरच्या खुर्चीत बसवलं.

२००३च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती खुर्ची जाण्याची वेळ आली.

शिरोली एमआयडीसीतल्या लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत काम करणाऱ्या चार पोरांनी ‘भट्टी’ नावाचा रॉक बँड काढला होता. पुण्याच्या एका स्पर्धेची निवड समिती त्या दिवशी सहा वाजता प्रत्येक बँडची वेबसाइट बघणार होती. पसंत पडेल त्याला लगेच फोन येणार होता. अण्णांनी आठवडाभर खपून साइट तयार ठेवली होती. चार वाजता बँडचा गायक सोमेश पाळी संपवून, अंगावरच्या कपड्यांनिशी थेट सेंटरात आला. अण्णांनी पान उघडून दाखवलं.

पिवळं पान. चार कोपऱ्यांत चार मोर. वर ‘॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥’. खाली इस्त्रीच्या शर्टांतले चार पासपोर्ट फोटो, प्रत्येक नावाआधी ‘चि.’, आणि तळाशी सरकणारी ओळ : शुभेच्छुक, समस्त मित्रमंडळ.

“अण्णा, आमचं लगीन हाय व्हय?” सोमेश ओरडला. “आता फकस्त जेवणाची येळ लिवायची ऱ्हायलीया!”

“नावं ठळक आहेत, फोटो स्वच्छ आहेत. आणखी काय पाहिजे?”

“भट्टी पायजे, भट्टी! ह्ये बघून पुण्याची माणसं म्हणतील, सनई-चौघड्याचा ताफा आलाय.”

विद्याश्री जवळ आली. तिनं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, “अण्णा, सहापर्यंत जमलं नाही, तर सोमवारपासून हे काम मी नव्या मुलाकडे देते. तुम्ही झेरॉक्स सांभाळा.”

सोमेशनं खिशातून एका परदेशी बँडच्या साइटची घडी घातलेली प्रत काढली. काळं पान, कवटी, आगीचे लोळ. अण्णांनी तसंच्या तसं केलं. पण इंटरनेटवर चढवून उघडून पाहिलं, तर चित्र पडद्यावर एकेक रेघ खाली उतरत होतं. पाच मिनिटं झाली, तरी कवटीचं नुसतं कपाळ.

“पुण्याचा माणूस एवढा थांबेल?” विद्याश्रीनं विचारलं.

पाच वाजायला पाच मिनिटं होती. अण्णांनी हताश होऊन मान वर केली आणि पहिल्यांदाच सोमेशकडे नीट बघितलं. कपाळावर साच्याची काळी वाळू, घामाचे ओघळ, आणि डोळ्यांभोवती गॉगलनं राखलेली दोन स्वच्छ वर्तुळं.

“तोंड धुतलं नाहीस?”

“कुठलं! साबण द्या, धुतो की.”

“हात लावू नकोस तोंडाला!” अण्णा गरजले. गिऱ्हाइकावर ते जन्मात ओरडले नव्हते.

त्यांनी पासपोर्टचा कॅमेरा घेतला, मागचा पांढरा पडदा ओढून बाजूला केला आणि फोटो काढला. तो काडेपेटीएवढा लहान केला. काळ्या पानाच्या मधोमध तेवढा एक चेहरा, खाली वितळत्या लोखंडाच्या रंगात ‘भट्टी’. बाकी सगळं मोकळं. मधे कोरी जागा सोडणाऱ्या, न उमटणाऱ्या शिशामुळंच अक्षर उठून दिसतं, हे खिळे जुळवणाऱ्याला शिकवावं लागत नाही.

पान झालं. पण वरची ओळ रिकामी होती. अण्णांचा हात तिथं अडला.

“देव नगं हां, अण्णा,” सोमेश म्हणाला आणि घड्याळ बघायला वळला.

तेवढ्यात अण्णांनी ओळ लिहिली आणि अक्षरांचा रंग काळा केला. काळ्यावर काळं. काही दिसेना.

पावणेसहाला पान पाठवायला घेतलं. ऐंशी टक्क्यांवर फोनची लाइन तुटली. पुन्हा जोडली, मोडेम किंचाळत राहिला. सहाला तीन मिनिटं असताना पान चढलं. विद्याश्रीनं झटकन वायर काढून फोनला लावली, कारण एकाच लाइनवर दोन्ही चालत नव्हतं.

सव्वासहाला फोन वाजला.

“हो... हो, खरे कामगार आहेत,” विद्याश्री बोलत होती. फोन ठेवून ती वळली. “पान लगेच उघडलं म्हणाले. चेहरा कुणाचा, ते विचारत होते. पुढच्या रविवारी पुण्याला गाऊन दाखवायला बोलावलंय.”

सोमेशनं आनंदानं माउसच हिसकावला आणि बटण दाबूनच पानावर फरफटत नेला. वरच्या बाजूला निळा पट्टा उमटला आणि त्यात पांढरी अक्षरं : ॥ श्री जोतिबा प्रसन्न ॥.

“सवय आहे... काढतो,” अण्णा पुटपुटले आणि त्यांनी हात पुढं केला.

सोमेशनं त्यांचं मनगट धरलं. “ऱ्हाऊ द्या. भट्टी पेटवायच्या आदी आमी बी नारळ फोडतोच की. त्यो काय गिऱ्हाइकाला दिसतोय व्हय?”

अण्णांनी विद्याश्रीकडे पाहिलं.

“सोमवारी दहाला या, अण्णा,” ती म्हणाली. “एका हॉटेलची साइट आहे. आणि मोर नकोत.”