जर्मनी ऐकायला अकोल्याला

जायचं ठरलं ते प्रज्ञाच्या एका वाक्यावर. "आबाजी, तुमी हो म्हनसान तरच मी जाईन." प्रज्ञा माझी नात. नर्सिंग झालं, जर्मन भाषेची परीक्षाही पास झाली, आणि तिकडच्या एका वृद्धाश्रमात नोकरी चालून आली. आई-बाप तयार होते. अडून बसलो होतो मी, आणि कारण काही सांगत नव्हतो. तेवढ्यात तिला पाठवणाऱ्या संस्थेनं घरच्या मंडळींसाठी अकोल्यात एक कार्यक्रम ठेवला: जर्मनीच्या इतिहासाची आणि संस्कृतीची ओळख. म्हटलं, आधी देश ऐकू, मग बोलू.

अमरावतीहून अकोल्याला एस.टी. बरी पडते. रस्ता आता असा गुळगुळीत झालाय की चहा सांडत नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट लागत नाही, बायकांना अर्धं लागतं. आधारकार्ड मात्र वरच्या खिशात ठेवावं. मी ते बडनेरा यायच्या आतच तीनदा चाचपलं. खिशात कार्ड होतं, जिवाला धीर नव्हता.

बाहेर हरभरा पिकायला आला होता. काळ्या मातीवर कोवळं ऊन पडलं की मला शाळेतल्या कविता आठवतात, अजूनही चालीसकट. मूर्तिजापूरला हरभऱ्याचे हिरवे टहाळ विकायला आले. आम्ही एक जुडी घेतली आणि घाटे सोलत बसलो. पुढच्या बाकावरच्या बाईंनी चौकशी केली, कुठं, कशाला, पोरगी कोण. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तिकडच्या बुढ्याइची सेवा कराले पोरगी धाडता, मंग तुमाले कोन पायीन?"

प्रज्ञा हसली. म्हणाली, "मावशी, आबाजी कोनाले पाहू देत नाईत. औषध द्याले गेलं त मलेच कविता म्हनून दाखवतात."

मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "तिथं काही इचारू नका बरं, आबाजी. माह्या नावापुढं खूण करतीन." मी पुन्हा आधारकार्ड चाचपलं. कारण मी विचारायलाच निघालो होतो.

अकोल्याच्या स्टँडवरून ऑटोनं हॉल गाठला. शिकवणाऱ्या मॅडम अकोल्याच्याच. तिकडच्या इस्पितळात बरीच वर्षं काढून परत आलेल्या. त्यांनी छान सांगितलं. पूर्वी तो एक देश नव्हताच, छोटी छोटी राज्यं होती. भाषेनं आणि गाण्यांनी माणसं बांधलेली, एक राज्य फार उशिरा झालं. पाव शेकडो तऱ्हेचे. रविवारी दुकानं बंद, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी द्यायच्या नाहीत, अपशकुन मानतात. आणि बोलणं तोंडावर, आडपडदा नाही. "पुण्याकडच्या पोरींना पहिले सहा महिने रडू येतं," मॅडम म्हणाल्या, "आपल्या वऱ्हाडातल्यांना घरच्यासारखं वाटतं." हॉल हसला. मीही हसलो.

मग त्या म्हणाल्या की तिथली पोरंही शाळेत कविता पाठ करतात, लांबच्या लांब, गोष्टीसारख्या. मी सरसावून बसलो. पण त्यापाठोपाठ आलं ते युद्ध, कोणाचं रक्त शुद्ध ते तपासणं, शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना दाखवून देणं, माणसांनी भरून मरणाकडे नेलेल्या गाड्या. त्याच कविता पाठ केलेल्या माणसांनी हे केलं.

मला आमचे गुरुजी दिसले. चांदूर बाजारजवळच्या आमच्या खेड्यातले. कविता शिकवताना त्यांचा गळा दाटून यायचा. मी म्हणून दाखवली की पाठीवर हात ठेवल्यासारखं बोलायचे. हात मात्र ठेवत नसत. तहान लागली की आम्ही माठाला हात न लावता ओंजळ धरायची, कोणीतरी वरून पाणी ओतायचं. आमच्या घरानं छप्पन्न साली धम्म घेतला, तरी शाळेतला तो माठ काही जवळ आला नाही.

मॅडमनी विचारलं, कुणाला काही शंका? प्रज्ञानं माझा सदरा धरला. तरी मी उठलो.

"माझी नात ज्या म्हाताऱ्याला सांभाळायला जाणार, तो माझ्याच वयाचा असेल," मी म्हणालो. "त्याच्या बापानं तेव्हा काय केलं, कोण जाणे. तो माझ्या नातीच्या हातचं पाणी पिईल का?"

कुणी हसलं नाही. मॅडम टेबलामागून पुढं आल्या. त्यांनी मला काका म्हटलं. म्हणाल्या, खोटं सांगत नाही, बहुतेक पितात, एखादा नाही पीत. एका आजीनं माझा हात झटकला होता. ट्राममध्येही कधी कधी नजर टोचते. "पण काका, तिथं जाब विचारतात तो न पिणाऱ्याला. देणाऱ्याला नाही."

मग त्यांनी शेवटचं सांगितलं. तिकडे फुटपाथवर, घरांच्या दारापुढं, वर पितळी पत्रा बसवलेले तळहाताएवढे दगड रोवलेत. त्या घरातून ज्यांना नेलं त्यांची नावं त्यावर कोरलेली असतात. चालताना खाली वाकूनच वाचावी लागतात.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून असदगड किल्ल्यावर गेलो. जाणार असाल तर पाणी सोबत न्या, सावली कमी आहे. खाली मोर्णा नदीचा पट्टा दिसत होता. प्रज्ञा पुढं पुढं चालत होती. रागावली असेल, नावापुढं खूण झाली असेल, असे सगळे विचार माझ्या डोक्यात. आमच्या गावात असे दगड बसवायचे तर कुठल्या दारापासून सुरुवात करावी, हाही एक.

तिनं बाटली उघडून पुढं केली. "घ्या आबाजी. कवापासून इचारायचं होतं तुमाले?"

"शाळेपासून," मी म्हणालो आणि तिच्या हातून बाटली घेऊन प्यालो. मग म्हणालो, "जाय तू. फक्त तसा दगड दिसला का थांबून नाव वाचत जाय. मोठ्यानं."

गाडी मूर्तिजापूरच्या पुढं आली तेव्हा तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. अमरावतीला उतरून आम्ही दह्यातला गिला वडा खाल्ला, तिखट होता, तेवढं डोळ्यांना निमित्त झालं.

आता व्हिसाची वाट पाहतोय. भीती गेली म्हणालो तर खोटं होईल. दुपारी जेवायला बसलो की वाटतं, तिकडे आत्ता सकाळ आहे, आश्रमात पहिला ग्लास फिरत असेल. मी माझा तांब्या उचलतो आणि त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात म्हणतो, पी रे बाबा.